सहा सिलिंडर : समतोलाचे गणित आणि लांबीचा हिशेब

प्रस्तावना

फोर-स्ट्रोक इंजिनातला प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, एकदाच जोर लावतो. उरलेला वेळ हवा आणि इंधन आत घेण्यात, ते दाबण्यात आणि जळलेला धूर बाहेर टाकण्यात जातो. त्यामुळे एका सिलिंडरचे इंजिन धक्के देत चालते. सिलिंडर वाढवावेत तसे हे धक्के एकमेकांच्या जवळ येतात. चार सिलिंडरमध्ये दर १८० अंशांनी एक पॉवर स्ट्रोक मिळतो, सहामध्ये दर १२० अंशांनी. चार सिलिंडरच्या फिरण्यात असा क्षण येतो की चारही पिस्टन टोकाला पोचलेले असतात आणि क्रँकला ढकलणारे कोणीच नसते. तेवढा क्षण फ्लायव्हील निभावून नेते. सहामध्ये एक जोडी टोकाला असली तरी बाकीच्या दोन वाटेतच असतात, आणि एका सिलिंडरचा जोर पुरता ओसरण्याआधी पुढच्याचा सुरू झालेला असतो. जोराच्या प्रवाहात खंड पडू न देणारी रचना म्हणून सहाची ओळख सांगता येते.

दुसरा गुण पिस्टनांच्या वजनाशी निगडित आहे, आणि तो आकड्यांतून स्पष्ट होतो. ९० मिलिमीटर स्ट्रोक आणि १४५ मिलिमीटर लांबीचा कनेक्टिंग रॉड असलेले चार सिलिंडरचे इंजिन घ्यावे. क्रँक टोकाच्या स्थितीत असताना दोन पिस्टन वर आणि दोन खाली असतात. चौघांची सरासरी उंची बरोबर स्ट्रोकच्या मध्यावर येते. क्रँक ९० अंश फिरला की चारही पिस्टन एका पातळीत येतात, पण ती पातळी मध्यावर नसते. रॉड तिरका झाल्याने ती मध्यापेक्षा सुमारे ७ मिलिमीटर खाली असते. म्हणजे चारही पिस्टनांचा मिळून भार प्रत्येक फेऱ्यात दोनदा खाली उतरतो आणि दोनदा वर चढतो. मिनिटाला ३,००० फेरे असतील तर ही उठबस सेकंदाला १०० वेळा होते. चार सिलिंडरच्या गाडीत ठराविक वेगाला स्टीअरिंगपर्यंत पोचणारी थरथर या ७ मिलिमीटरांतून येते.

हेच रॉड आणि हाच स्ट्रोक एका रांगेतल्या सहा सिलिंडरना लावून पाहावा. क्रँकच्या खोड्या (रॉड जोडण्याच्या क्रँकपिन) १२० अंशांच्या अंतराने बसवलेल्या असतात. पहिला आणि सहावा, दुसरा आणि पाचवा, तिसरा आणि चौथा अशा जोड्या बरोबरीने वर-खाली होतात. क्रँक कुठल्याही कोनात थांबवून पिस्टनांची सरासरी उंची काढली तर ती मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी बदलते. शिवाय पुढचे तीन सिलिंडर म्हणजे मागच्या तिघांचे आरशातले रूप, त्यामुळे इंजिन पुढून मागे डोलतही नाही. रूढ फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४; तिच्यात पुढच्या अर्ध्यातला एक आणि मागच्या अर्ध्यातला एक असे सिलिंडर आळीपाळीने पेटतात. हा सुरळीतपणा वेगळे वजन, वेगळा शाफ्ट किंवा रबरी आधार यांच्या मदतीने आणावा लागत नाही. तो रचनेतच असतो.

त्याची किंमत लांबीत मोजावी लागते. सहा सिलिंडर एकामागे एक मांडले की ब्लॉक लांब होतो, बॉनेट लांब होते, क्रँकशाफ्ट लांब आणि म्हणून लवचीक होतो. सहा सिलिंडरचा सव्वाशे वर्षांचा इतिहास एका वाक्यात सांगायचा तर तो या व्यवहाराचा इतिहास आहे: समतोल राखून लांबी कशी सोसायची, किंवा लांबी वाचवण्यासाठी समतोलातले किती सोडायचे. सरळ रांग, व्ही, सपाट बॉक्सर आणि अरुंद व्ही ही चार घराणी म्हणजे या प्रश्नाची चार उत्तरे.

सुरुवातीच्या काळात सहा सिलिंडरकडे वळण्याचे कारण शक्ती हे होते. १९०३ साली हॉलंडमधल्या स्पायकर कंपनीने सहा सिलिंडरची ६० अश्वशक्तीची शर्यतीची गाडी तयार केली. मोटारीत बसवलेले हे पहिले सहा सिलिंडरचे इंजिन मानले जाते. चारही चाकांना जोर आणि चारही चाकांना ब्रेक देणारी ती गाडी काळाच्या फार पुढे होती, पण ती नगातली एकच राहिली. सहा सिलिंडरची गाडी ग्राहकाला विकण्याचा धंदा इंग्लंडमध्ये नेपियरने १९०४ पासून केला, आणि त्यामागे एस. एफ. एज या विक्रेत्याची जिद्द होती. जून १९०७ मध्ये ब्रुकलंड्सची नवी धावपट्टी खुली झाल्यावर लगेच एजने एकट्याने २४ तास नेपियर हाकून १,५८१ मैल अंतर कापले. सरासरी ताशी १०६ किलोमीटरची ही कामगिरी म्हणजे सहा सिलिंडरची त्या काळातली सर्वांत मोठी जाहिरात ठरली.

याच वर्षांत सहा सिलिंडरच्या मर्मावरही बोट पडले. समतोल उत्तम असूनही काही इंजिनांचे क्रँकशाफ्ट ठराविक वेगाला खडखडत आणि पुढे तुटत. ओला पंचा दोन टोकांना धरून पिळावा आणि सोडावा तसा लांब क्रँक प्रत्येक स्फोटासरशी किंचित पिळला जातो आणि उलगडतो. स्फोटांची लय क्रँकच्या स्वतःच्या लयीशी जुळली की हा पीळ वाढत जातो. बाहेरून इंजिन शांत दिसते आणि आत पोलाद थकत असते. रोल्स-रॉइसच्या १९०५ च्या ३० अश्वशक्तीच्या सहा सिलिंडर गाडीला हा त्रास भोवला. हेन्री रॉइसने पुढच्या ४०/५० मॉडेलसाठी, म्हणजे पुढे सिल्व्हर घोस्ट म्हणून गाजलेल्या गाडीसाठी, इंजिन नव्याने मांडले. तीन-तीन सिलिंडरांचे दोन ठोकळे ओतले, क्रँक जाड केला, त्याला सात मेन बेअरिंगांचा आधार दिला आणि दाबाने तेल पोचवण्याची सोय केली. ७,०३६ सी.सी.चे हे इंजिन नोव्हेंबर १९०६ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात आले. फ्रेडरिक लँचेस्टरने १९१० च्या सुमारास क्रँकच्या पुढच्या टोकाला बसणारा पीळशामक डँपर तयार केला. आज प्रत्येक सहा सिलिंडर इंजिनाच्या पुढच्या पुलीत रबराच्या किंवा घट्ट द्रवाच्या थराने जोडलेली जी कडी असते, ती याच कल्पनेची वंशज आहे.

पीळ आवाक्यात आला आणि सहा सिलिंडर श्रीमंतांच्या कोचवानी गाड्यांतून खाली उतरू लागला. अमेरिकेत हडसनने १९१६ च्या सुपर सिक्समध्ये प्रतिभार जोडलेला क्रँक वापरून वेग वाढवला. खरी उलथापालथ १९२९ च्या शेवरोलेटने केली. फोर्डची मॉडेल ए चार सिलिंडरची असताना शेवरोलेटने जवळपास त्याच किमतीत सुमारे ३.२ लिटरचे, व्हॉल्व्ह वर असलेले सहा सिलिंडर इंजिन दिले. बीडाचे पिस्टन आणि साधे वंगण असलेले हे इंजिन नाजूक मुळीच नव्हते. स्वस्तात पुष्कळ संख्येने ओतता येईल असा सहा सिलिंडर कसा असावा, याचा तो धडा होता. फोर्डने त्याला १९३२ मध्ये व्ही-८ ने उत्तर दिले. युरोपात कराच्या आणि पेट्रोलच्या हिशेबामुळे लहान सहा सिलिंडर आले. बी.एम.डब्ल्यू.ची पहिली सहा सिलिंडर गाडी, १९३३ ची ३०३, अवघ्या १,१७३ सी.सी.ची होती; तीन वर्षांनी ३२८ मध्ये १,९७१ सी.सी.तून ८० अश्वशक्ती निघाली आणि सरळ सहा हे त्या कंपनीचे घराणे बनले.

इंजिन कागदावरून रस्त्यावर कसे येते, हे पाहण्यासाठी जॅग्वारच्या एक्सके इंजिनासारखे उदाहरण दुसरे नाही. दुसऱ्या महायुद्धात कोव्हेंट्रीच्या कारखान्यात आगीच्या पहाऱ्यावर असलेल्या रात्रींत विल्यम लायन्स, विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली यांनी त्याची चर्चा सुरू केली. आधी चार सिलिंडरचे प्रयोग झाले. त्यांपैकी एकात व्हॉल्व्ह चालवण्यासाठी बी.एम.डब्ल्यू. ३२८ च्या धर्तीची पुशरॉडची मांडणी होती. ती फार आवाज करी, म्हणून बाद झाली. डोक्यावर दोन कॅमशाफ्ट असलेली मांडणी निवडली गेली आणि हॅरी वेस्लेकने हवेच्या वाटांचे आकार ठरवले. सहा सिलिंडरचा पहिला नमुना ३.२ लिटरचा निघाला. तो वेगात चांगला, पण कमी फेऱ्यांवर ओढ कमी. उपाय म्हणून बोअर ८३ मिलिमीटर तसाच ठेवून स्ट्रोक ९८ वरून १०६ मिलिमीटर केला आणि ३,४४२ सी.सी. हा अखेरचा आकार ठरला. ऑक्टोबर १९४८ मध्ये एक्सके १२० गाडीतून १६० अश्वशक्तीचे हे इंजिन लोकांसमोर आले. १९५१ ते १९५७ या काळात त्याने ल मान्सची २४ तासांची शर्यत पाच वेळा जिंकली, आणि त्याचे उत्पादन १९९२ पर्यंत चालले. १९६४ मध्ये ते ४.२ लिटरचे करताना ब्लॉकची लांबी वाढवणे परवडणारे नव्हते, म्हणून मोठे बोअर बसवण्यासाठी सिलिंडरांमधली अंतरेच नव्याने जुळवावी लागली. दोन सिलिंडरांच्या मध्यांमधले अंतर इंजिनाच्या आयुष्यभराची मर्यादा ठरवते. कारखान्यातली यंत्रे त्याच मापाला बांधलेली असल्याने ते एकदा ठरले की बदलणे महाग पडते.

उंची कमी करण्याची तोड मर्सिडीज-बेंझने १९५४ च्या ३०० एसएलमध्ये काढली. २,९९६ सी.सी.चा सरळ सहा तिरका झोपवून बसवला, त्यामुळे बॉनेट खाली आले. आणि विमानांच्या इंजिनांवरून घेतलेली, सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारण्याची पद्धत फोर-स्ट्रोक मोटारीत प्रथमच विक्रीला आली. लांबी मात्र तशीच राहिली. तिच्यावर इटलीत वेगळा मार्ग निघाला. लान्चियाच्या फ्रान्चेस्को दे विर्जिलिओने युद्धकाळापासून व्ही-६ च्या कंपांचे गणित मांडले होते. व्हित्तोरिओ यानोच्या देखरेखीखाली त्यातून ६० अंशांचे व्ही-६ तयार झाले आणि १९५० मध्ये ऑरेलिया गाडीत बसले. मालिकेने बनवलेल्या मोटारीतले हे पहिले व्ही-६. तीन-तीन सिलिंडरांच्या दोन फळ्या झाल्या की इंजिन जवळपास निम्म्या लांबीत मावते. मात्र तीन सिलिंडरांच्या फळीत पुढे-मागे डोलण्याची प्रवृत्ती असते आणि ती प्रतिभारांनी किंवा समतोल-शाफ्टने आवरावी लागते. हेड दोन लागतात, कॅमशाफ्ट आणि एक्झॉस्ट दुप्पट होतात.

व्ही-६ मधली तडजोड किती दूर जाऊ शकते, हे ब्यूइकच्या इंजिनात दिसते. १९६२ च्या मॉडेलसाठी ब्यूइकने आपल्या व्ही-८ च्या यंत्रांवर तयार होईल असे ९० अंशांचे व्ही-६ बनवले. समोरासमोरचे दोन रॉड एकाच खोडीवर असल्याने स्फोट आळीपाळीने ९० आणि १५० अंशांनी होत आणि इंजिन लंगडल्यासारखे चाले. पेट्रोल स्वस्त असल्याने त्याला गिऱ्हाईक टिकले नाही. १९६७ मध्ये त्याची यंत्रसामग्री जीप बनवणाऱ्या कंपनीला विकली गेली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर ब्यूइकच्या मालक कंपनीने, जनरल मोटर्सने, १९७४ मध्ये ती परत विकत घेतली. १९७७ मध्ये प्रत्येक खोडीचे दोन भाग ३० अंशांनी सरकवून स्फोट समान अंतरावर आणले गेले. इंजिनाच्या रचनेतला दोष पंधरा वर्षांनी, तोही बाजाराच्या गरजेपोटी, दुरुस्त झाला.

सपाट बॉक्सर सहाचा समतोल सरळ सहाच्या जवळपास जातो. त्यात समोरासमोरचे पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात. इंजिन बुटके आणि आखूड होते, पण रुंद. अमेरिकेत १९६० च्या शेवरोलेट कॉर्व्हेअरने ते मागच्या बाजूला बसवले. १९६३ मध्ये फ्रँकफुर्टला दाखवलेल्या पोर्शे ९११ ने त्याला कायमची ओळख दिली. हान्स मेट्झगर आणि फर्डिनांड पिएख यांच्या कामातून आलेले १,९९१ सी.सी., १३० अश्वशक्तीचे हे हवेने थंड होणारे इंजिन पुढे वाढत गेले. १९९८ च्या आसपास त्याला पाण्याचे शीतन आले आणि २०२४ मध्ये विजेच्या मोटरची जोड मिळाली. अरुंद व्ही हे चौथे घराणे फोक्सवॅगनचे. १९९१ च्या व्हीआर-६ मध्ये दोन फळ्यांमधला कोन फक्त १५ अंश ठेवल्याने सहाही सिलिंडरांना एकच हेड पुरले आणि पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या लहान गाडीत इंजिन आडवे बसू शकले.

पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या गाड्या वाढल्या तशी आडवे बसण्याची गरज निर्णायक ठरली आणि १९८० नंतरची दोन दशके व्ही-६ ची झाली. अपघातात इंजिन प्रवाशांच्या दिशेने सरकू नये म्हणून पुढे चुरगळण्यासाठी जागा हवी, हेही कारण त्यात मिसळले. मर्सिडीजने १९९७ पासून सरळ सहा मोडीत काढून व्ही-६ घेतला. बी.एम.डब्ल्यू. सरळ रांगेवर ठाम राहिली. जपानमध्ये निस्सान स्कायलाइनचे २,५६८ सी.सी.चे आरबी-२६ आणि टोयोटाचे ८६ बाय ८६ मिलिमीटरचे टू-जेझेड ही बीडाच्या ब्लॉकची सरळ सहा इंजिने टर्बोच्या जोरावर दंतकथा बनली. एफ-वन शर्यतींत २०१४ पासून १.६ लिटरच्या टर्बो व्ही-६ ला विजेची जोड देण्याचा नियम आहे.

मग पारडे पुन्हा फिरले. २०१७ मध्ये मर्सिडीज सरळ सहाकडे परतली. २०१९ मध्ये जॅग्वार लँड रोव्हर आणि २०२२ मध्ये माझ्दा त्याच वाटेने गेल्या. कारणे हिशेबाची आहेत. टर्बोमुळे प्रत्येक सिलिंडर सुमारे ५०० सी.सी.चा ठेवला तरी पुरतो आणि त्याच मापाची तीन, चार आणि सहा सिलिंडरची इंजिने एकाच यंत्ररांगेवर बनतात. बी.एम.डब्ल्यू.च्या १,४९९, १,९९८ आणि २,९९८ सी.सी.च्या इंजिनांचे आकडे हेच सांगतात. एकाच बाजूला गरम एक्झॉस्ट आणि दुसऱ्या बाजूला थंड हवा असल्याने टर्बो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इंजिनाला चिकटून बसतात, थंड सुरुवातीला लवकर तापतात आणि प्रदूषणाच्या कसोट्या पार करणे सोपे जाते. मर्सिडीजच्या नव्या इंजिनात ४८ व्होल्टच्या विजेवर चालणाऱ्या भागांमुळे पुढचा पट्टाच राहिला नाही आणि तेवढी लांबी वाचली. समतोल तोच, पण लांबीचा भाव उतरला.

भारतात सहा सिलिंडरचा प्रवास मुंबईपासून सुरू होतो. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला, आणि सहा सिलिंडरच्या शेवरोलेट इथल्या रस्त्यांवर आल्या. स्वातंत्र्याच्या काळात वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात क्रायस्लरच्या करारावर डॉज आणि प्लायमाउथ गाड्या बांधल्या. त्यांतले बाजूच्या व्हॉल्व्हचे सहा सिलिंडर इंजिन कमी दर्जाचे पेट्रोल पचवून चाले. नंतर आयातीचे निर्बंध आणि लहान गाड्यांचे धोरण यांमुळे मोटारीतला सहा सिलिंडर इथे जवळपास संपला, तो ट्रक-बसच्या डिझेलमध्ये जगला. १९५४ मध्ये जमशेदपूरला सुरू झालेल्या टाटा-मर्सिडीज ट्रकांत तो होता, आणि १९६२ पासून पुण्यात किर्लोस्कर-कमिन्सची मोठी डिझेल इंजिने तयार होऊ लागली. आज चाकणला मर्सिडीज आणि चेन्नईला बी.एम.डब्ल्यू. सहा सिलिंडरच्या गाड्या जुळवतात. पण लांबी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १,२०० सी.सी. किंवा डिझेल १,५०० सी.सी.पर्यंत असेल तरच कमी कर, या नियमामुळे सर्वसाधारण खरेदीदाराच्या वाट्याला तीन-चार सिलिंडरच येतात.

विजेच्या मोटारींच्या काळात या विषयाचा अभ्यास का करावा, याला दोन उत्तरे आहेत. पहिले, सहा सिलिंडर संकरित गाड्यांत, जड वाहनांत आणि जनरेटरमध्ये अजून बराच काळ चालणार आहे. तो दुरुस्त करणाऱ्याला आणि सुधारणाऱ्याला त्याच्या मूळ रचनेचे भान लागते. दुसरे उत्तर अधिक पायाभूत आहे. कंप, पीळ, थकवा, उष्णता, ओतकाम आणि उत्पादनखर्च हे प्रश्न एकाच वस्तूत एकमेकांत गुंतलेले पाहण्यासाठी यापेक्षा चांगला नमुना मिळणे कठीण. विजेच्या मोटरच्या शाफ्टलाही पीळ असतो, गिअरलाही लय असते. गणित तेच राहते.

मराठीत मोटारीवर दुरुस्तीची पुस्तके आहेत आणि गाड्यांच्या कौतुकाचे लेखनही आहे. या दोहोंच्या मधली, इंजिन असेच का घडले हे सांगणारी जागा बरीचशी मोकळी आहे. प्रस्तुत पुस्तक ती भरण्याचा प्रयत्न करते. त्यात इंजिनांची वर्षवार जंत्री नाही. प्रत्येक रचनेमागे कोणती अडचण होती, तिच्यावर काय तोड निघाली आणि त्या तोडीने कोणती नवी अडचण आणली, या क्रमाने मांडणी केली आहे. गणित लागेल तेवढेच, पण टाळलेले नाही. अकरावी-बारावीची त्रिकोणमिती येणाऱ्याला पिस्टनच्या हालचालीची आकडेमोड स्वतः करून पाहता येईल. कारागिरांच्या तोंडी असलेले बोअर, रिंग, टायमिंग, गॅसकेट हे शब्द तसेच ठेवले आहेत, कारण पुस्तक गॅरेजमध्येही वाचले जावे अशी अपेक्षा आहे. अभियांत्रिकीचा विद्यार्थी, मेकॅनिक आणि जिज्ञासू वाचक या तिघांनाही एखादे बॉनेट उघडल्यावर समोरचे इंजिन उभे, आडवे किंवा तिरके का बसवले आहे, हे ओळखता आले, तर पुस्तकाचा हेतू साधला असे म्हणता येईल.